टाके निघाल्यानंतरचे आजारपण

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा दोन-तीन तासांत आटोपते. थोड्याच दिवसांत बाई घरी जाते. काखेतून बाहेर काढलेली नळी आणि तिला जोडलेली प्लॅस्टिकची बाटली, म्हणजे ड्रेन, पुष्कळदा तिच्याबरोबरच घरी जातो. चोवीस तासांत जमणारे पाणी 30 मिलिलिटरच्या आसपास उतरले की ड्रेन काढतात, मग टाके निघतात, गाठीचा आणि काखेतल्या ग्रंथींचा तपासणी अहवाल येतो, आणि केस पेपरवर जखम भरल्याची नोंद होते. सर्जनच्या बाजूने पाहिले तर काम चोख झालेले असते. पण त्याच दिवशी त्या बाईला हात डोक्यामागे नेऊन वेणी घालता येत नसते. ब्लाउज एका बाजूने सैल पडत असतो. दंडाच्या आतल्या बाजूची कातडी बधिर झालेली असते आणि ती कायमची तशीच राहणार का, हे कोणी सांगितलेले नसते. नवऱ्याने अजून जखम पाहिलेली नसते, तिने स्वतःही धड पाहिलेली नसते, आणि हळदीकुंकवाला कोणी विचारले तर काय सांगायचे हे ठरलेले नसते. आजाराचा हा भाग कोणत्या विभागाने पाहायचा? तो सर्जरीत बसत नाही, केमोथेरपीत बसत नाही, रेडिएशनमध्येही बसत नाही. माझे म्हणणे असे की हा परिचर्येचा, म्हणजे नर्सिंगचा, हक्काचा प्रांत आहे. त्यासाठी लागणारी विचारांची चौकट नर्सिंगने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच उभी केली. आपण मात्र ती परीक्षेच्या पेपरापुरती वापरतो आणि वॉर्डात पाऊल ठेवताना दाराबाहेर ठेवतो.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 साली भारतात सुमारे 1,92,000 स्त्रियांना नव्याने स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे 98,000 स्त्रिया त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांत तो आता पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे तो साधारण दहा वर्षे आधी, म्हणजे चाळिशी-पन्नाशीतच गाठतो. मुले शाळा-कॉलेजात असतात, सासू-सासऱ्यांचे दुखणे-खुपणे चालू असते आणि घराचा गाडा तिच्या हातावर चालतो, नेमक्या त्या वयात. शिवाय गाठ उशिरा दाखवली जाते, त्यामुळे संपूर्ण स्तन आणि काखेतल्या ग्रंथी काढण्याची वेळ आपल्याकडे अधिक येते. अमेरिकी सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी 1882 साली सुरू केलेली, छातीचे स्नायूसुद्धा काढून टाकणारी शस्त्रक्रिया आता इतिहासजमा झाली आहे. मिलानचे उम्बेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेतले बर्नार्ड फिशर यांच्या चाचण्यांनी 1980च्या दशकात दाखवून दिले की सुरुवातीच्या टप्प्यात फक्त गाठ काढून रेडिएशन दिले तरी आयुर्मान घटत नाही. ही मोठीच मजल होती. मात्र तिच्यामुळे एक समजूतही रुजली: स्तन वाचला की मनही वाचले. या समजुतीकडे मी पुढे येणार आहे, कारण ती खरी नाही.

आता त्या चौकटीकडे. कॅलिस्टा रॉय या कॅथलिक जोगीण, जन्म 1939चा, गाव लॉस एंजेलिस. बालरुग्णांच्या वॉर्डात काम करताना त्यांच्या लक्षात आले की मोठ्या आघातानंतरही मुले विलक्षण वेगाने सावरतात, आणि योग्य वेळी योग्य मदत मिळाली तर हे सावरणे अधिक नीट होते. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना त्यांच्या प्राध्यापिका डोरोथी जॉन्सन यांनी त्यांना आव्हान दिले की नर्सिंगचे उद्दिष्ट काय, हे एका सुसंगत मांडणीत सांगून दाखव. रॉय यांनी मानसशास्त्रज्ञ हॅरी हेल्सन यांच्या समायोजनाच्या सिद्धांताचा आधार घेतला आणि 1970 साली आपली मांडणी 'नर्सिंग आउटलुक' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिचा गाभा सोपा आहे. माणूस हा बदलत्या परिस्थितीशी सतत देवाणघेवाण करणारा जीव आहे. आजार ही त्या परिस्थितीतली एक मोठी उलथापालथ. आणि नर्सचे काम म्हणजे या उलथापालथीतून माणसाला पुन्हा उभे राहता यावे अशी परिस्थिती घडवणे. डॉक्टर रोग पाहतो, नर्सने त्या रोगाला माणूस कसा सामोरा जातो ते पाहायचे.

कुठे पाहायचे, हेही रॉय यांनी सांगितले. चार ठिकाणी: शरीर, स्वतःविषयीची प्रतिमा, घरात-समाजात निभावायची भूमिका, आणि जिव्हाळ्याची नाती. वाचताना हे इतके उघड वाटते की यात सिद्धांत कसला, असे कोणीही म्हणेल. पण आपल्या वॉर्डातली नोंदवही उघडून पाहा. ताप, नाडी, रक्तदाब, ड्रेनमधले पाणी, दिलेली इंजेक्शने. चारपैकी एकाच खान्याची, तीही अर्धीच, नोंद असते. ज्याची नोंद करायची नसते ते विचारले जात नाही आणि जे विचारले जात नाही त्याचे उत्तर बाई आपण होऊन देत नाही. विशेषतः आपल्याकडची बाई. दुखते का म्हटले तर 'नाही, बरंय' म्हणणारी.

शरीराचाच खाना घ्या. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर हाताकडून परतणाऱ्या लसिकेची वाट अडते आणि काही जणींचा हात सुजतो. 2013 साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'मध्ये आलेल्या एका व्यापक आढाव्यानुसार स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या साधारण पाचातल्या एकीला ही सूज येते. काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या तर प्रमाण जवळपास 20 टक्के, फक्त पहारेकरी ग्रंथी, म्हणजे कर्करोग काखेत सर्वांत आधी जिथे पोचतो त्या, तपासल्या तर 6 टक्क्यांच्या आत. सूज काही महिन्यांनी येऊ शकते, काही वर्षांनीही. म्हणून वर्षानुवर्षे बायकांना एक ठरीव ताकीद मिळत आली: या हाताने वजन उचलू नका, जड काम करू नका. ही ताकीद किती महागात पडते याचा विचार करा. पाण्याची कळशी, कणकेचा गोळा, भाकरी थापणे, कडेवरचे मूल, शेतातली खुरपणी, लोकलचा दांडा, यातले काय वर्ज्य? सगळेच वर्ज्य असेल तर ती बाई स्वतःच्याच घरात पाहुणी झाली. आणि पुरावा काय सांगतो? 2009 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांची चाचणी आली. हाताला आधीच सूज असलेल्या 141 स्त्रियांपैकी निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवत नेलेला वजन उचलण्याचा व्यायाम दिला. वर्षभरानंतर दोन्ही गटांत सूज वाढलेल्यांचे प्रमाण जवळजवळ सारखे होते, 11 आणि 12 टक्के. उलट सूज एकाएकी बळावण्याचे प्रसंग व्यायाम करणाऱ्यांत निम्म्याने कमी होते, 14 विरुद्ध 29 टक्के. ब्रिटनमधल्या 'प्रॉस्पर' चाचणीतही, 2021 साली, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली लवकर सुरू केलेल्या व्यायामाने वर्षाअखेर खांदा-हात अधिक चांगला चालू लागल्याचे दिसले. याचा अर्थ उद्यापासून हंडा उचला असा नव्हे. मूठ उघडमीट आणि कोपर वाकवणे लगेच, हात कमरेच्या-छातीच्या उंचीपर्यंत सुरुवातीला, ड्रेन निघाल्यावर भिंतीवर बोटांनी रोज थोडे अधिक वर चढणे, आणि मग ताकदीचे काम पायरीपायरीने, असा त्याचा अर्थ आहे. हे सांगायला, करून घ्यायला आणि आठवड्याने पुन्हा पाहायला कोणीतरी हवे. 'जपा' एवढे सांगणे सोपे पडते म्हणून आपण तेवढेच सांगतो.

भूमिकेचा खाना शरीराला लागूनच येतो, आणि आपल्या समाजात तो सर्वांत जड आहे. आजारी बाईची विचारपूस करायला आलेली माणसे 'आता घरचं कोण बघतं?' असे हमखास विचारतात. त्यात काळजी असते आणि एक आठवणही असते, की घर बघणे हे तुझे काम होते. शस्त्रक्रियेनंतर काही घरांत बाईला पलंगावरून उठू देत नाहीत, काही घरांत तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा चार माणसांचे डबे भरते. दोन्ही ठिकाणी तिची तब्येत बिघडते, कारणे मात्र उलटी. रॉय यांच्या चौकटीत नर्सने विचारायचा प्रश्न अगदी नेमका आहे: आजाराआधी तुम्ही दिवसभर काय काय करत होता, त्यातले आता कोण करते, आणि त्यातले कोणते काम तुम्हाला परत हवे आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बरेचदा अनपेक्षित असते. एखादीला स्वयंपाक नकोच असतो, पण संध्याकाळी देवाजवळ दिवा लावणे हवे असते. एखादीला नोकरीवर जायचे असते, कारण तिथे तिला कोणी आजारी म्हणत नाही. हे कळल्याशिवाय दिलेला सल्ला सगळ्यांना एकाच मापाचा पडतो.

रॉय यांच्या मांडणीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग या चार खान्यांच्या पुढचा आहे. वागण्यातला बदल दिसला की त्याच्या मागची कारणे तीन थरांत शोधा, असे त्या सांगतात. समोर उभे असलेले तातडीचे कारण, त्याला बळ देणारी भोवतालची परिस्थिती, आणि खाली दडलेल्या जुन्या समजुती-अनुभव. एखादी बाई शस्त्रक्रियेनंतर जेवत नाही, बोलत नाही. सहज निष्कर्ष निघतो की स्तन गेल्याचे दुःख आहे. असेलही. पण इथेच मघाची ती समजूत तपासायला हवी. ब्रिटिश संशोधक लेस्ली फॅलोफिल्ड यांनी 1986 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पूर्ण स्तन काढलेल्या आणि स्तन राखलेल्या स्त्रियांची तुलना मांडली. अपेक्षा अशी की स्तन वाचलेल्यांना नैराश्य आणि चिंता कमी असणार. तसे आढळले नाही. कर्करोगाची भीती दोघींनाही सारखीच होती, आणि स्तन राखलेलीच्या मनात तर उरलेल्या भागात रोग असेल का ही धास्ती वेगळीच. म्हणजे समोर दिसणारे कारण आणि खरे कारण एकच असते असे धरून चालता येत नाही. आपल्याकडे न जेवणाऱ्या त्या बाईच्या मनात काय असू शकते? हा रोग संसर्गाने होतो असे सासरी कोणी म्हटले असेल आणि तिचे ताट-वाटी वेगळे ठेवले असेल. मुलीच्या लग्नात हे आडवे येईल ही चिंता असेल. आपल्याच कुठल्या पापाचे हे फळ, असे तिने मानले असेल. पहिल्या गोष्टीला उपाय म्हणजे सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून स्पष्ट सांगणे की कर्करोग उष्ट्याने, स्पर्शाने, एकत्र निजण्याने होत नाही. दुसऱ्या गोष्टीला उपाय म्हणजे माहिती: आनुवंशिक दोषातून होणारा स्तनाचा कर्करोग एकूण रुग्णांत 5 ते 10 टक्केच असतो, आणि शंका असेल तर तपासणी व समुपदेशन उपलब्ध आहे. तिसऱ्याला वेळ द्यावा लागतो. तिन्ही वेळी 'धीर धरा' एवढेच सांगितले तर तिच्या पदरात काही पडत नाही.

हे सगळे ऐकायला ठीक, पण यामुळे रुग्णाला खरेच बरे वाटते याला पुरावा काय? मँचेस्टरचे मानसोपचारतज्ज्ञ पीटर मॅग्वायर यांचे काम इथे मला निर्णायक वाटते, जरी त्यांनी रॉय यांची चौकट वापरलेली नव्हती. 1978 साली त्यांनी दाखवले की स्तन काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात चारातल्या एकीला उपचार लागावेत इतकी चिंता किंवा नैराश्य येते. साध्या, कर्करोग नसलेल्या गाठी निघालेल्या स्त्रियांत हेच प्रमाण दहात एक होते. स्तन काढलेल्या एक-तृतीयांश स्त्रियांच्या वैवाहिक शरीरसंबंधांत अडचणी आल्या होत्या. मग 1980 साली त्यांनी 152 स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. निम्म्यांना नेहमीची सेवा. निम्म्यांना एक खास प्रशिक्षित नर्स, जी शस्त्रक्रियेच्या वेळी समुपदेशन करी आणि नंतर ठरावीक काळाने त्यांची विचारपूस करी. निकाल दोन पदरी निघाला. समुपदेशनाने मनाचे आजार टळले नाहीत, हा पहिला पदर आणि तो लपवण्याचे कारण नाही. पण नर्सच्या नियमित विचारपुशीमुळे ज्यांना मानसोपचारांची गरज होती त्यातल्या 76 टक्के स्त्रिया वेळीच ओळखल्या गेल्या आणि तज्ज्ञाकडे पोचल्या. दुसऱ्या गटात फक्त 15 टक्के. परिणामी वर्ष-दीड वर्षाने नर्स लाभलेल्या गटात मानसिक त्रासाचे प्रमाण 12 टक्के होते आणि दुसऱ्या गटात 39 टक्के.

हा निकाल नीट वाचला तर सिद्धांताची खरी जागा कळते. गोड बोलण्याने दुःख टळले नाही. ठरवून, ठरावीक वेळी, ठरावीक बाबी विचारल्या म्हणून दुःख सापडले, आणि सापडले म्हणून त्याच्यावर इलाज झाला. रॉय यांच्या चार खान्यांचा आणि तीन थरांचा उपयोग नेमका हा आहे: काय विचारायचे हे नर्सच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर, तिच्या संकोचावर किंवा बाईच्या बोलकेपणावर अवलंबून राहत नाही. शरीरसंबंधांचा प्रश्न आपल्या वॉर्डात कोणीही आपण होऊन काढणार नाही. यादीतच असेल तर निदान तो आडपडद्याने का होईना विचारला जाईल.

यावर जाणकारांचा आक्षेप ठाऊक आहे. नर्सिंगचे सिद्धांत म्हणजे साध्या गोष्टींना दिलेली भारदस्त नावे, असे अनेक डॉक्टर म्हणतात आणि कित्येक नर्सही म्हणतात. या आक्षेपाला आपणच खतपाणी घातले आहे. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधात रॉय यांची आकृती संकल्पनात्मक चौकट म्हणून हमखास छापलेली असते. चौकोन, बाण, सगळे जागच्या जागी. प्रबंध जमा झाला की आकृती ग्रंथालयात जाते आणि सिस्टर ड्युटीवर. शिवाय या चौकटीवर बेतलेल्या प्रयोगांचे निकाल सरसकट झळझळीत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. अमेरिकेत नेल्डा समारेल आणि जॅकलिन फॉसेट यांनी रॉय यांच्याच मांडणीवर आधारलेले मदतगट सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी चालवले. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जवळच्या माणसाशी असलेले नाते सुधारल्याचे दिसले, पण त्रास आणि मनःस्ताप यांत ठळक फरक पडला नाही. तरीही मी आक्षेप पूर्ण मान्य करत नाही. सिद्धांताने स्वतः काही बरे करावे ही अपेक्षाच चुकीची आहे. नकाशा चालत नाही, चालणाऱ्याला वाट चुकू देत नाही. परीक्षा घ्यायची तर ती वॉर्डात त्याच्या आधारे नेमके काय केले गेले याची घ्यावी, आणि ते केले गेले की नाही हे आधी पाहावे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो स्त्रियांनीच घेतला आहे. आजाराला सामोरी जाण्याची, सावरण्याची, सगळी जबाबदारी बाईवरच का? तिने बदलायचे आणि जगाने तसेच राहायचे? याचे सर्वांत धारदार उदाहरण न्यूयॉर्कच्या कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचे. 1978 साली त्यांचा एक स्तन काढला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या सर्जनच्या दवाखान्यात कृत्रिम स्तन न लावता गेल्या, तेव्हा तिथल्या नर्सने त्यांना सांगितले की तुम्ही तो लावून यायला हवे, नाहीतर इथल्या वातावरणावर वाईट परिणाम होतो. लॉर्ड यांनी 'द कॅन्सर जर्नल्स' या 1980च्या पुस्तकात हा प्रसंग नोंदवला आणि विचारले की इस्रायलचे सेनानी मोशे दायान एका डोळ्यावर पट्टी बांधून वावरले तर ते शूर योद्धे, मग एका स्तनाच्या बाईने खोटा स्तन का लावायचा. त्या नर्सच्या दृष्टीने सावरणे म्हणजे लपवणे होते. याच्या उलट बाजूला टेरीस लॅसर. 1952 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचा स्तन काढला गेला आणि आपल्याला काही सांगणारे कोणी नव्हते या जाणिवेतून त्यांनी 'रीच टू रिकव्हरी' हा उपक्रम उभा केला. स्वतः या आजारातून गेलेल्या स्त्रिया वॉर्डात जाऊन नव्या रुग्णाला भेटत, व्यायाम दाखवत, तात्पुरता कृत्रिम स्तन देत. 1969 साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो आपलासा केला. हजारो जणींना त्याने आधार दिला आणि लॉर्ड यांना त्याच परंपरेतल्या सल्ल्यात घुसमट जाणवली. दोघी खऱ्या आहेत. म्हणून रॉय यांच्या चौकटीचा अर्थ लावताना एक गोष्ट सोडून चालणार नाही: नर्सचा हस्तक्षेप मुख्यतः परिस्थितीवर, त्या तीन थरांतल्या कारणांवर व्हायचा आहे. बाईला वाकवणे हे तिचे काम नाही. सासूचा गैरसमज, नवऱ्याचे मौन, कार्यालयातली कुजबूज, शिंप्याकडचे माप, ही बदलण्याजोगी परिस्थिती आहे. कृत्रिम स्तन सिलिकॉनचा असो की घरी शिवलेला कापसाचा, तो दाखवावा, कसा बसतो ते सांगावे, एका बाजूला वजन कमी पडल्याने पाठ-खांदा आखडू शकतो हेही सांगावे, आणि लावायचा की नाही हे तिच्यावर सोपवावे.

परिस्थिती बदलणे म्हणजे काय, हे पहिल्या ड्रेसिंगच्या वेळी जवळून दिसते. पट्टी उघडायची वेळ येते. बाई मान फिरवते, छताकडे पाहते. घाईच्या वॉर्डात पडदा अर्धाच ओढलेला, शेजारच्या पलंगावरची नातेवाईक मंडळी डोकावणारी, सिस्टरचे हात सराईत. पाच मिनिटांत जुनी पट्टी जाते, नवी येते, आणि बाईने काहीच पाहिलेले नसते. ती पहिल्यांदा पाहील घरी, न्हाणीघरात, एकटी. हेच वेगळ्या प्रकारे होऊ शकते. आदल्या दिवशी सांगून ठेवायचे की उद्या पट्टी उघडणार; पाहायचे की नाही, आणि कोणी जवळ हवे का, हे तुम्ही ठरवा. काय दिसेल तेही आधीच सांगायचे: एक आडवी रेघ, कडेला थोडी सूज, काळेनिळे डाग, जे काही आठवड्यांत जातात. पडदा पूर्ण ओढायचा. नको म्हणाली तर जबरदस्ती नाही, पण बोटांनी कडेची कातडी चाचपून पाहता का, असे विचारायचे. हो म्हणाली तर आरसा हातात द्यायचा आणि गप्प राहायचे. रडू आले तर ते येऊ द्यायचे. याला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही; जास्तीची दहा-पंधरा मिनिटे लागतात. बांगड्यांचेही तसेच. त्या बाजूच्या हातात घट्ट काही नको, हा सल्ला बरोबर आहे. पण सवाष्ण बाईचा हात एकदम रिकामा करायला सांगणे आणि सैल बांगडी चालेल किंवा दुसऱ्या हातात दोन जास्त घाला असे सांगणे, यात तिच्या लेखी फार मोठा फरक आहे. त्या बाजूने रक्तदाब घेऊ नये, सुई टोचू नये, या जुन्या नियमाचाही असाच फेरविचार चालू आहे. 2016 साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'मध्ये आलेल्या 632 रुग्णांच्या अभ्यासात रक्तदाब मोजणे, इंजेक्शन किंवा विमानप्रवास यांचा सूज वाढण्याशी संबंध आढळला नाही, त्वचेच्या संसर्गाचा आणि जास्त वजनाचा मात्र आढळला. पर्याय असेल तर दुसरा हात वापरावा, पण चुकून सुई लागली म्हणून बाईने रात्रभर जागे राहू नये, एवढे आज निश्चित सांगता येते.

दहा-पंधरा मिनिटे कुठून आणायची, हा तिसरा आक्षेप, आणि व्यवहारात तोच सर्वांत खरा. सरकारी रुग्णालयात एका सिस्टरकडे नियमापेक्षा किती तरी अधिक पलंग असतात. तिने रॉय यांचे चार खाने केव्हा भरायचे? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांचा खर्च गरिबाच्या आवाक्यात आणला, पण रुग्ण गडचिरोलीची, परभणीची, सिंधुदुर्गाची. उपचार मुंबईत, पुण्यात, नागपुरात. परळच्या टाटा रुग्णालयात आलेली कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन्‌महिने मुक्काम करतात आणि उपचार संपले की शेकडो किलोमीटर दूर गावी परततात. त्यांना दर महिन्याला विचारपुशीसाठी बोलावणे म्हणजे क्रूरपणा होईल. यावर मार्ग नाही असे मात्र नाही. त्याच समारेल-फॉसेट गटाने 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फोनवरून दिलेला आधार तपासला, आणि फोन येणाऱ्या स्त्रियांची मनःस्थिती, एकटेपणा आणि नातेसंबंध हे केवळ टपालाने माहिती मिळालेल्यांपेक्षा बरे असल्याचे आढळले. आज फोन जवळजवळ प्रत्येक घरात आहे. राहिला प्रश्न फोन करणाऱ्या नर्सच्या पगाराचा, आणि त्यालाही मार्ग आहे. ऑस्ट्रेलियात क्रिकेटपटू ग्लेन मॅकग्रा आणि त्यांची पत्नी जेन यांनी 2005 साली प्रतिष्ठान स्थापन केले. जेन स्वतः या आजारातून जात होत्या आणि 2008 साली त्यातच गेल्या. सिडनीची जी गुलाबी कसोटी आपण दूरदर्शनवर पाहतो तिचा निधी प्रत्येक रुग्णामागे एक ओळखीची नर्स असावी यासाठी, तिच्या पगारासाठी, जातो. म्हणजे पैसा उभा करण्याचा हेतू गुळगुळीत जनजागृतीचा नसून एका पदाचा आहे. आपल्याकडे ऑक्टोबर महिन्यात गुलाबी फिती वाटणाऱ्या कंपन्यांनी आणि रोटरी-लायन्स क्लबांनी जवळच्या कॅन्सर रुग्णालयात अशा एका नर्सचा वर्षाचा पगार उचलला, तर त्याचा उपयोग फितीपेक्षा कैकपट होईल.

ही मांडणी अमेरिकेची, आपल्या संस्कृतीला ती लागू पडेल का, असेही विचारले जाते. चौकटीतले खाने कोरे आहेत. आत आपली माणसे, आपली घरे भरायची आहेत. फक्त एका ठिकाणी जपावे लागेल. अमेरिकेतल्या अभ्यासांत 'जवळचे माणूस' बहुधा एकच, नवरा, असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडे निर्णय सासरे घेतात, ड्रेसिंगला आई येते, पैसे भाऊ देतो, आणि मनातले बोलणे थोरल्या जावेशी किंवा शाळेपासूनच्या मैत्रिणीशी होते. नात्यांच्या खान्यात म्हणून एक नाव लिहून भागणार नाही, आणि कित्येकदा तिथे नवऱ्याचे नावच नसेल. एकट्या, घटस्फोटित, विधवा स्त्रियांसाठी हा खाना भरणे हेच नर्सचे पहिले काम ठरते.

ज्यांच्या घरात ही शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे किंवा होणार आहे त्यांच्यासाठी एवढेच. डिस्चार्जच्या दिवशी कागदपत्रांबरोबर चार गोष्टी मागून घ्या: पहिल्या सहा आठवड्यांच्या व्यायामाचा लेखी तक्ता, सूज आली किंवा ताप चढला तर फोन कोणाला करायचा ते नाव व नंबर, कृत्रिम स्तनाची माहिती, आणि ज्या सिस्टरने ड्रेसिंग केले तिच्याशी एकांतात बोलायला पंधरा मिनिटे. महिन्या-दीड महिन्यानंतरही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते आजाराचाच भाग आहे आणि त्यावर उपचार आहेत. पुढच्या तपासणीची वाट न पाहता रुग्णालयाला कळवा. रुग्णालयाकडे यातले काही तयार नसेल, तर पुन्हा मागा.